‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं कुठल्या सालचं?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे, तिच्या मुख्य चौकात ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ नावाची एक जुनी, बसकी, मातीच्या भिंतींची इमारत आहे, स्पॅनिश लोकांनी 1610 च्या सुमारास बांधलेली. तिच्या लांबलचक ओसरीत रोज सकाळी पुएब्लो आणि बाकीच्या आदिवासी गावांतले कारागीर फडकी अंथरून आपला माल मांडतात, जागा कमी पडली तर चिठ्ठ्या टाकतात, आणि स्वतः किंवा घरच्यांनी केलेलंच विकायचं असा तिथला कडक नियम आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो. माझ्या शेजारी एक गोरे गृहस्थ एक भांडं हातात घेऊन उभे होते, छान गोल पोटाचं, वर करड्या आणि मोहरीच्या रंगाचे पट्टे. त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं आणि समोर बसलेल्या बाईंना म्हणाले, सुंदर आहे, पण हे रंग ट्रॅडिशनल नाहीत, मला ओरिजिनल हवंय. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं हसल्या, भांडं परत जागेवर ठेवलं.

मला मात्र तेव्हापासून तो शब्द टोचतोय. ओरिजिनल म्हणजे कुठल्या सालचं हो? 1600? 1750? 1880? कारण या भांड्यांबद्दल थोडं जरी वाचलं तरी लक्षात येतं की यांच्या अंगावरचा रंग दर दोन-तीन पिढ्यांनी बदललाय, नक्षी बदललीय, काठ बदललाय, बूड बदललंय, भाजायचं जळणसुद्धा बदललंय. आणि तरी म्युझियममधले तज्ज्ञ, डीलर, कलेक्टर आणि माझ्यासारखे चार तासांसाठी आलेले टुरिस्ट, सगळे मिळून त्या बाईला सांगत असतो की तुझी परंपरा अमुक सालच्या अमुक रंगावर थांबलीय, तिथून हलू नकोस. हा अधिकार आपल्याला दिला कोणी, एवढाच माझा प्रश्न आहे, बाकी सगळं त्याच्याच अनुषंगाने.

आधी थोडं हे काम चालतं कसं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. न्यू मेक्सिकोत 19 पुएब्लो गावं आहेत आणि ॲरिझोनात होपी लोकांची गावं. बोलायच्या भाषाही वेगवेगळ्या, टेवा, केरेस, झुनी, होपी वगैरे. चाक कुणीच वापरत नाही. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, खरवडून भिंत पातळ करायची, वाळवायची. माती तडकू नये म्हणून तिच्यात काहीतरी मिसळतात, टेवा गावांत ज्वालामुखीची राख, झियाला काळ्या खडकाचा भुगा, आणि ॲकोमा, झुनीला जुन्या फुटक्या मडक्यांची पूड. म्हणजे पणजीच्या काळातलं खापर कुटून नातीच्या भांड्यात जातं, मला हे फार आवडलं. मग येते स्लिप, म्हणजे बारीक चाळलेली रंगीत माती पाण्यात कालवून केलेला पातळ लेप. आपल्याकडे मडक्याला नाहीतर भिंतीला काव लावतात ना, साधारण तसं, पण इथे एकावर एक हात देऊन, ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात. हे घोटायचे दगड आईकडून लेकीकडे येतात. घोटायला बसलं की मधे उठायचं नाही, लेप वाळला की चकाकी गेली. त्यावर नक्षी, मग उघड्यावर भट्टी.

म्हणजे रंग दोन गोष्टींनी ठरतो, लेपाची माती कुठली आणि जाळ कसा. या दोन्हींचा इतिहास बघितला की ओरिजिनलवाल्यांची पंचाईत होते.

सगळ्यात जुनं उदाहरण घ्या. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात चौदाव्या शतकापासून बायका शिशाच्या खनिजाची चकचकीत काचेसारखी रेघ काढत होत्या. शिसं यायचं सांता फेच्या दक्षिणेला सेरियोसच्या टेकड्या आहेत तिथून. साडेतीनशे-चारशे वर्षं हे चाललं आणि 1700 च्या आसपास बंद पडलं, पूर्ण बंद. मधे काय झालं? 1598 ला स्पॅनिश वसाहत आली, 1680 च्या ऑगस्टमध्ये पोपे नावाच्या टेवा माणसाच्या पुढाकाराने बहुतेक सगळ्या गावांनी एकत्र उठाव करून स्पॅनिशांना हाकललं (मगाशी म्हटलं त्या पॅलेसमध्ये मग बारा वर्षं पुएब्लो लोकच राहत होते), आणि 1692 ला स्पॅनिश गव्हर्नर दे वार्गास सैन्य घेऊन आला. गावं उठली, लोक डोंगरमाथ्यांवर जाऊन राहिले, वेगवेगळ्या भाषांच्या बायका एकाच गावात मडकी करायला लागल्या, काही तर थेट होपी मुलखात निघून गेल्या. यातून जे बाहेर पडलं त्यात ती काचेची रेघ नव्हती, मंद रंग होते आणि पिसांसारखी नक्षी भरपूर होती. शिशाच्या खाणी हातातून गेल्या म्हणून की ती कला जाणणाऱ्या बायकाच राहिल्या नाहीत म्हणून, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण चारशे वर्षांची पद्धत एका पिढीत गेली, आणि पुढची पद्धतसुद्धा आज आपण ‘परंपरागत’ म्हणूनच काचेच्या कपाटात ठेवतो, हे तर दिसतंय ना.

मग काठ. अठराव्या शतकातल्या घड्यांचा काठ बहुतेक ठिकाणी लाल रंगवलेला असायचा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बऱ्याच गावांत तो काळा झाला. एवढी साधी गोष्ट, पण जाणकार आजही भांड्याचं वय ठरवताना आधी काठ बघतात. का बदलला? कुणी फर्मान काढलं नव्हतं, गोरा टुरिस्टही तेव्हा नव्हता. बदलला. आवडला असेल, शेजारच्या गावात बघितला असेल, साड्यांचे काठ बदलतात तसं. बुडाचंही तसंच, घडा डोक्यावर नीट बसावा म्हणून त्याचं बूड आतल्या बाजूला खोलगट व्हायला लागलं, झुनीच्या बायका खाली युक्काच्या पात्यांची चुंबळही घ्यायच्या. आणि गहू! गहू स्पॅनिशांबरोबर आला, त्याची रोटी भाजायला मातीचे घुमटाकार ओव्हन आले आणि कणीक मळायला मोठाल्या परातीएवढ्या वाडग्यांची गरज पडली. आज लिलावात हे कणकेचे वाडगे ‘अस्सल पुएब्लो’ म्हणून जातात आणि ते अस्सल आहेतच. पण मग गहू नसता तर ते झाले असते का?

याहून मजा जळणाची आहे. आज कुणीही सांगेल की पारंपरिक भट्टी म्हणजे शेणाची. मेंढ्यांचं, गुरांचं वाळलेलं शेण रचायचं आणि भाजायचं. पण मेंढ्या, गुरं, घोडे हे सगळे स्पॅनिशांनी आणले! त्याच्या आधी लाकूड जाळायचे, आणि होपी लोक तर चक्क दगडी कोळसा खणून जाळायचे, त्या जास्त तापलेल्या जाळामुळेच सिक्यात्की या आता पडक्या होपी गावातल्या जुन्या भांड्यांना तो पिवळा, मधासारखा रंग आलाय. मेंढ्या आल्यावर कोळसा हळूहळू सुटला. म्हणजे जी गोष्ट नसली तर आजचे परीक्षक ‘ही खरी पारंपरिक फायरिंग नाही’ म्हणून नाक मुरडतील, ती गोष्टच मुळात परदेशातून आलेल्या जनावराची लेंडी आहे. हे मी खिजवायला म्हणत नाहीये. ज्यांनी ती लेंडी उचलून तिचा असा उपयोग शोधला त्या बायकांच्या डोक्याचं मला कौतुक आहे.

आता स्लिपवर येते, माझा खरा मुद्दा तिथेच आहे. सान इल्देफोन्सो हे सांता फेपासून अर्ध्या तासावरचं लहानसं टेवा गाव. तिथल्या क्रीम रंगाच्या भांड्यांना जुन्या काळी जी स्लिप लावायचे ती दगडाने घोटावी लागायची. दक्षिणेला कोचिती आणि सांतो दोमिंगो, ज्याला आता केवा म्हणतात, तिथली स्लिप वेगळी, बेंटोनाइट मातीची, ती नुसत्या फडक्याने पुसली तरी तुकतुकीत होते आणि वर रानभाजी उकळून आटवून केलेला काळा रंग छान धरून ठेवते. 1905 च्या आसपास ही कोचितीची स्लिप सान इल्देफोन्सोला आली आणि थोड्याच काळात तिने जुनी स्लिप मागे टाकली. आता याला घसरण म्हणणारे आहेत, दगडाऐवजी फडकं म्हणजे कष्ट कमी, कष्ट कमी म्हणजे कला कमी असा त्यांचा हिशोब. मला हा हिशोबच कळत नाही. मिक्सर आला तेव्हा पाट्यावरच्या चटणीची आठवण सगळ्यात जास्त कुणी काढली? ज्यांनी कधी पाटा-वरवंटा हातात धरला नव्हता त्यांनी. दगडाने घोटून घोटून मनगट कुणाचं दुखत होतं ते बघा आधी.

बरं, ज्या दगडाने घोटायचं काम कमी झालं म्हणून हळहळ होती, तोच दगड त्याच गावात पंधरा वर्षांत असा काही परत आला की जग बघत राहिलं. मारिया मार्टिनेझ आणि तिचा नवरा ज्युलियन. 1907 पासून एडगर ह्युएट नावाचे पुरातत्त्ववाले तिथल्या पठारावर खणत होते, ज्युलियन त्यांच्याकडे मजुरीला होता, आणि खोदकामात सापडलेल्या खापरांसारखी भांडी करता येतील का असं मारियाला विचारलं गेलं. काळी भांडी टेवा गावांना नवीन नव्हती, शेजारच्या सांता क्लारात तर ती पिढ्यान् पिढ्या होत होती. पण 1918-19 च्या सुमारास या दोघांना काळ्यावर काळं जमलं, म्हणजे मारियाने घोटून आरसा केलेल्या अंगावर ज्युलियनने पातळ लेपाने नक्षी काढायची, तेवढी जागा भाजल्यावर मंद राहते आणि बाकीचं चमकतं. यातली गंमत ही की लेप लालच असतो! मोकळ्या जाळात भाजला तर भांडं लाल निघतं, आणि जाळ ऐन भरात असताना त्यावर घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून कोंडला की धुराने काळं. एकच माती, एकच लेप, फक्त श्वास कोंडायचा की नाही एवढाच फरक. आता सांगा यातला ओरिजिनल रंग कुठला.

या काळ्या भांड्यांना एवढी मागणी आली की सान इल्देफोन्सोची रंगीत भांडी जवळजवळ मागेच पडली. शेतीवर भागत नव्हतं, भांड्यांवर गाव उभं राहिलं, मारियाने आपली कृती स्वतःपाशी न ठेवता गावातल्या बायकांना शिकवली. ग्राहकांना सही हवी होती म्हणून ती बुडाला सही करायला लागली, आणि मग तिच्या सहीच्या भांड्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर दुसऱ्या बायका आपली भांडी घेऊन आल्या तर त्यांच्यावरही तिने सही करून दिली. कलेक्टर लोकांना हे कळलं तेव्हा कपाळाला हात लागले त्यांचे. मला मात्र हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो, कारण सही ही ग्राहकाची गरज होती, तिच्या गावाची नव्हती, आणि तिने ती ग्राहकाच्या गरजेपुरतीच वापरली.

नाम्पेयोची गोष्ट याच्या बरोब्बर उलट बाजूने जाते. ती होपींच्या फर्स्ट मेसावर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावर, हानो नावाच्या गावची, आणि हानो म्हणजे 1680 नंतरच्या धामधुमीत रिओ ग्रांदेहून पळून आलेल्या टेवा लोकांचं गाव. तिच्या तरुणपणी होपी भांड्यांवर जाड पांढरी स्लिप असायची, झुनीच्या वळणाची, दुष्काळात आणि देवीच्या साथीत होपी लोक झुनीला आसऱ्याला गेले होते तिथून आलेली. ती भाजल्यावर बारीक तडकायची. नाम्पेयोने काय केलं तर सिक्यात्कीच्या जुन्या पडक्या गावातली खापरं बघितली, ती पांढरी स्लिप सोडूनच दिली आणि खालची पिवळी माती तशीच घोटून त्यावर जुन्या वळणाचे पक्षी, पिसं, मोठ्या मोकळ्या जागा सोडून रंगवायला लागली. म्हणजे तिने नवीन काय केलं? लेप काढून टाकला. आणि तीनशे वर्षांपूर्वीचं उचललं. ही परंपरा पाळली की मोडली? तिच्या आईच्या पिढीच्या हिशोबाने मोडली, पणजीच्या पणजीच्या हिशोबाने पाळली. जेसी वॉल्टर फ्यूक्सने 1895 ला सिक्यात्की खणलं, नाम्पेयोचा नवरा लेसो तिथे कामाला होता, आणि पुढे कित्येक वर्षं असंच सांगितलं गेलं की फ्यूक्समुळे हे पुनरुज्जीवन झालं. खरं तर व्यापारी टॉमस कीमच्या सांगण्यावरून जुन्या नक्षीची भांडी होपी बायका त्याच्या बऱ्याच आधीपासून करत होत्या. बाईच्या डोळ्यांना आणि हातांना श्रेय द्यायचं आलं की कुठला तरी साहेब मधे येतोच.

इथे माझ्याच म्हणण्यातलं एक भोक मला दिसतंय, ते झाकत नाही. कुणी म्हणेल, लाल काठाचा काळा काठ झाला तो आपल्या मनाने झाला, पण 1880 ला रेल्वे आल्यानंतरचे बदल आपल्या मनाचे कुठे होते? ते पोटासाठी होते. पत्र्याच्या बादल्या आल्या, घड्यांचं काम संपलं, मग टुरिस्टला बॅगेत मावेल एवढं लहान, स्वस्त, रंगीबेरंगी काहीतरी करा असं डीलरांनी सांगितलं. तेसुके गावाचे ते छोटे बसलेले ‘पर्जन्यदेव’ याच काळातले, हजारोंनी खपले, आणि पुढे तर त्यांना पोस्टर कलर फासायला लागले जो भाजल्यावर टिकत नाही म्हणून नंतरच लावायचा. याला मी कलेचा विकास म्हणू का? नाही म्हणवत. त्यात मजबुरी होती, आणि एका भांड्यामागे मिळणारे पैसे बघितले तर लूटही होती.

पण मग दुसरी बाजूही तेवढीच सरळ बघूया. ‘जुनं शुद्ध ठेवा’ हीसुद्धा ग्राहकाचीच मागणी होती! 1879 पासून स्टीव्हनसन मंडळी सरकारी मोहिमेवर येऊन झुनी आणि आसपासच्या गावांतून हजारोंनी भांडी पूर्वेला घेऊन गेली. घराघरातले जुने नमुने गेले. मग चाळीस-पन्नास वर्षांनी सांता फेतल्या कलाप्रेमी मंडळींना वाईट वाटायला लागलं की अरेरे, या बायका जुनी चांगली नक्षी विसरल्या. 1922 ला एका घरी जेवणाच्या वेळी एक जुनं झुनी भांडं फुटलं आणि त्यातून जुनी भांडी जमवायचा फंड निघाला अशी गोष्ट सांगतात, त्याच वर्षी सांता फेला कारागिरांचं प्रदर्शन आणि बक्षिसंही सुरू झाली, तेच पुढे आजचं इंडियन मार्केट. परीक्षक बाहेरचे, चांगलं काय ते त्यांनी ठरवलेलं, आणि बक्षीस मिळालं की दर वाढायचा. म्हणजे बाईने पर्जन्यदेव केला तरी गोऱ्याच्या पैशासाठी आणि शुद्ध जुनी नक्षी काढली तरी गोऱ्याच्या पैशासाठी, फक्त दुसरा गोरा जास्त शिकलेला. हे मी थोडं तिखट म्हणतेय, मान्य. त्या फंडाने जमवलेली भांडी गावाजवळ राहिली, त्यातून नंतरच्या कुंभारणी शिकल्या, हे उपकार आहेतच. पण त्या निवडीला ‘परंपरा’ म्हणायचं आणि पोस्टर कलरला ‘बाजार’, हा फरक मला पटत नाही. दोन्हीकडे बाजार होता.

तर मग काहीही चालेल का? नाही, आणि इथे मी त्या ‘ओरिजिनल’वाल्या गृहस्थांच्या थोडी जवळ जाते. ॲकोमाला गेलात तर दोन प्रकारची भांडी दिसतील, एक हाताने वळून, खणून आणलेल्या मातीची, आणि दुसरी साच्यातली तयार आणलेली, वर फक्त नक्षी रंगवलेली, आणि लांबून दोन्ही सारखी दिसतात. दुसऱ्या प्रकारात मला पाप वाटत नाही, भाडं भरायला ती लागतात, आणि रेघ काढणारा हात तोच असतो. पण घेणाऱ्याला ते सांगितलं पाहिजे. इलेक्ट्रिक भट्टीचंही तेच. जंगलात लाकडाची टंचाई आणि कोरड्या हवेत आगीची भीती असताना कुणी भट्टीत भाजलं तर भाजू दे, लेबलवर लिही म्हणजे झालं. आणि बाहेरच्याच कुणीतरी करून ‘इंडियन मेड’ म्हणून विकलेला माल, त्यासाठी 1990 चा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तो वापरा की जरा जोरात. माझं म्हणणं एवढंच की कायद्याचा आणि लेबलचा धाक खोटं बोलणाऱ्याला पाहिजे, नवीन रंग शोधणाऱ्या बाईला नको.

आणि काय बदलायचं नाही हे त्या गावांना कळत नाही असं समजू नका, आपल्यापेक्षा जास्त कळतं. सांतो दोमिंगोत विकायच्या भांड्यांवर माणसाची आकृती आणि काही पवित्र चिन्हं काढायची नाहीत असं गावच्या धार्मिक प्रमुखांनीच ठरवलेलं होतं, म्हणून तिथली बाजारातली नक्षी बहुतेक भौमितिक, पानाफुलांची, पक्ष्यांची. याला लोक ‘मागासलेपणा’ म्हणाले. म्हणजे बदललं तरी शिव्या, नाही बदललं तरी शिव्या. उलट आपण काय केलं बघा. न्यू मेक्सिकोच्या झेंड्यावरचा तो लाल सूर्य, चारी बाजूंना चार-चार किरणं, तो झिया गावच्या एका भांड्यावरचा आहे. हॅरी मेरा नावाचे डॉक्टर, जे स्वतः पुएब्लो भांड्यांचे मोठे अभ्यासक होते, त्यांनी तो झेंड्यासाठी घेतला आणि 1925 ला तो राज्याचा झेंडा झाला. झियाला विचारलं नाही. गाव आजही म्हणतं की ते चिन्ह पूजेचं आहे, ते भांडं बाहेर जायलाच नको होतं, आणि त्यांनी राज्याकडे भरपाईही मागितली. आता तो सूर्य प्लंबरच्या गाडीवर आहे, बिअरच्या ग्लासवर आहे. एका विमान कंपनीने मात्र विमानावर काढण्याआधी गावाची रीतसर परवानगी घेतली, म्हणजे विचारणं काही अशक्य नव्हतं. गंमत बघा, ज्या नक्षीला हात लावायचा नव्हता ती आपण सगळीकडे छापली, आणि ज्या रंगाबद्दल गावाची काही हरकत नाही त्याच्यावर मात्र आपण पहारा देतोय.

बदल होतोय, नाही असं नाही. 2022 ला सांता फेत आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ग्राउंडेड इन क्ले’ नावाचं प्रदर्शन लागलं, त्यातली भांडी साठाहून जास्त पुएब्लो लोकांनी स्वतः निवडली आणि त्यांच्याबद्दल स्वतः लिहिलं. भांड्याशेजारी सालाची पट्टी असतेच, पण इथे त्याबरोबर हेही होतं की या घड्याने मला आजीच्या ओट्याची आठवण होते. मला वाटतं सालाची पट्टी वाईट नाही, मी या लेखात तिच्याच जिवावर बोलतेय, लाल काठ कधी गेला आणि कोचितीची स्लिप कधी आली हे कुणीतरी चिकाटीने मांडून ठेवलं म्हणूनच ‘ओरिजिनल’ या शब्दातली हवा काढता येते. पण पट्टी हा मागे वळून केलेला हिशोब आहे, पुढच्या बाईला दिलेली ऑर्डर नव्हे.

कोचितीचा व्हर्जिल ऑर्टिझ बघा. माती गावची, क्रीम स्लिप गावची, काळा रंग त्याच रानभाजीचा. आणि बनवतो काय, तर 1680 चा उठाव 2180 साली पुन्हा होतोय अशी कल्पना करून त्यातले योद्धे, मुखवटे, अंतराळातून आल्यासारखी माणसं. त्याच्या कामाला काय म्हणणार? लेप तपासलात तर शंभर टक्के पारंपरिक, नक्षी तपासलीत तर तुमचा फॉर्मच संपेल. पण कोचितीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्या टुरिस्टांच्या, सर्कसवाल्यांच्या नकला करणाऱ्या मातीच्या बाहुल्या करायचे, बघणाऱ्याची टर उडवायचे, ते माहीत असेल तर हा माणूस परका वाटत नाही, त्याच घरातला वाटतो.

त्या ओसरीत मी एक लहान काळं भांडं घेतलं शेवटी, मुठीएवढं. विकणाऱ्या बाईंनी आवर्जून सांगितलं की यात पाणी ठेवू नका, चकाकी जाईल, ही भांडी कमी आचेवर भाजलेली असतात, जास्त तापवली तर काळा आरसा उरत नाही. मागच्या महिन्यात आई सांगलीहून आली तेव्हा तिने ते कपाटातून काढलं, आधी उलटं करून बूड बघितलं, मग माठ घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेराने टक टक करून कानाशी नेलं. “अगं, कच्चं आहे की हे,” म्हणाली, “फसवलं तुला.” मी तिला लिदीचं, धुराचं, श्वास कोंडण्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, अंगठ्याने ती चमक पुसून बघत होती, आणि मग तिने विचारलं की मग यांचे पाण्याचे माठ कुठल्या रंगाचे असतात.